टाकीवाल्याच्या काचेवरची वाफ

चक्कीवर दळण घेऊन येणाऱ्या माणसाला वाटतं, पीठ इंजिन करतं. साफ चूक. इंजिन नुसतं बोंबलतं आणि पट्टा फिरवतं. पीठ करतो दगड, आणि दगडाला दात देतो टाकीवाला. मी जन्मभर टाकीवाला होतो. उमरगा, मुरूम, नळदुर्ग, लोहारा, जिथं म्हणून पिठाची चक्की होती तिथल्या दगडावर माझा हात फिरलाय. पण आजवर एकाही माणसानं भाकरी खाताना माझं नाव काढलेलं नाही. भाकरी बिघडली की मात्र सगळ्यांना टाकीवाला आठवतो.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, "मलप्पा, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा, पण सगळं आयुष्य नको." बरं झालं. सगळं आयुष्य लिहायला बसलो तर तुमची दिवाळी जाईल आणि शिमगा येईल. मी एका चष्म्याचीच गोष्ट सांगतो. निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती त्या दिवसांतली. तेव्हा आमचा जिल्हा सरकारी कागदावर उस्मानाबाद आणि आमच्या तोंडी धाराशिव होता.

आधी धंदा समजून घ्या. चक्कीत दोन गोल दगड असतात. खालचा बसलेला, वरचा फिरणारा. मधल्या भोकातून धान्य पडतं आणि भरडत भरडत कडेला पीठ होऊन येतं. दगडाच्या अंगावर मधून कडेपर्यंत चर पाडलेले असतात, आणि दोन चरांच्या मधल्या जागेत बारीक बारीक टाके. आठ-पंधरा दिवसांत हे टाके झिजतात. दगड गुळगुळीत झाला की धान्य दळायच्या ऐवजी नुसतं रगडलं जातं, पीठ तापतं. तापलेल्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात. बायका लगेच ओळखतात, "दगडाला टाकी लावा आता!" मग मालक आम्हाला बोलावणं धाडायचा.

आम्ही कप्पीनं वरचा दगड उचलायचा, उलटा करायचा. सागवानी पट्टीला ओला गेरू फासून ती दगडावर फिरवायची. जिथं लाल लागलं तिथं दगड उंच. मग डाव्या हातात टाकी, म्हणजे टोकदार पोलादी छिन्नी, उजव्या हातात हातोडी, आणि मांडी घालून बसायचं ते दिवस मावळेपर्यंत. टक, टक, टक. एका जोडीला हजारो टाके. दगडाची कपची उडते, ती तर उडतेच. पण टाकीच्या टोकाचं पोलादही उडतं, तिळाएवढं, आणि ते दगडापेक्षा वाईट. माझ्या डाव्या हाताच्या पाठीवर अजून निळे ठिपके आहेत. नातसून विचारते, "आजोबा, हे गोंदलंय का?" मी म्हणतो, "हो, फुकटात."

हा धंदा मला लाडलेसाब उस्तादांनी शिकवला. उंच, वाळकं अंग, दाढी पांढरी, आणि उजवा डोळा नाही. तो नळदुर्गच्या चक्कीवर टाकीच्या पोलादानं गेला होता, मी त्यांच्याकडं यायच्या आधी. राहिला डावा. त्या एका डोळ्यावर त्यांचं घर चालायचं. घरात विधवा मुलगी आणि तिची तीन लेकरं. तरी उस्ताद उघड्या डोळ्यानं टाकी मारायचे. आमच्या धंद्यात तशीच रीत होती. कपचीला घाबरून डोळा मिटला की टाका चुकतो, आणि डोळा मिटणाऱ्याला कोणी टाकीवाला म्हणत नसे. धुळीसाठी तेवढं नाकातोंडावर फडकं बांधायचं, तेही खालून वर, डोळ्याच्या अगदी खालपर्यंत ओढून.

एका हिवाळ्यात उमरग्याच्या चक्कीवर मी समोरच्या दगडावर होतो. उस्तादांचा टक टक एकदम थांबला. बघतो तर डाव्या डोळ्याखालच्या हाडावरून रक्ताची धार. पोलाद डोळ्यापासून करंगळीएवढ्या अंतरावर घुसलं होतं. मी तेव्हा पंचविशीचा, दोन लेकरांचा बाप. हातोडी टाकून त्यांच्याकडं धावलो.

"उस्ताद, आता बास. डोळ्याला काहीतरी पाहिजे."

"क्या पाहिजे? घुंगट?" रक्त पुसत ते म्हणाले. "मी काय नवरी हाय क्या रे?"

मी मनात ठरवलं. हा डोळा गेला तर उस्तादांचं घर गेलं, आणि ज्यानं मला भाकरी दिली तो माणूस माझ्या देखत आंधळा झाला असं गाव म्हणेल. तेव्हापासून मी चष्म्याच्या मागं लागलो.

उमरगा सोलापूर-हैदराबाद सडकेवर. लढाईमुळं लष्करी लॉऱ्या येत-जात. एक ड्रायव्हर चक्कीसमोर लॉरी उभी करून इंजिनच्या पिंपातलं पाणी मागायला आला. त्याच्या टोपीवर जाड काचांचा चष्मा, भोवती कातड्याची गादी, मागं रबराचा पट्टा. मी त्या चष्म्याकडं असा बघत राहिलो की तो म्हणाला, "काय, डोळा आहे का यावर?"

मी म्हणालो, "एकच उरलाय."

त्याला आधी कळेना. मी उस्तादांकडं बोट केलं. पण सरकारी माल कसा देणार म्हणून तो नाही नाही म्हणत राहिला. शेवटी माझी बायको नीलव्वा माझी भाकरी घेऊन आली. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बघून ड्रायव्हर खाली बसला. तीन भाकरी खाल्ल्या. उठताना चष्मा नीलव्वाच्या टोपल्यात टाकला आणि म्हणाला, "साहेबाला सांगतो, वाऱ्यानं उडाला."

उस्तादांनी चष्मा लावावा म्हणून मी त्यांच्या मुलीच्या, लेकरांच्या, पिराच्या शपथा घातल्या. लावला त्यांनी. दहा टाके मारले, थांबले.

"मलप्पा, धुंद."

काचेवर वाफ! बाहेरून पुसली, जाईना, कारण ती आतून होती. काढून धोतरानं पुसली. पुन्हा दहा टाके, पुन्हा धुंद. चार वेळा असं झाल्यावर उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला आणि उघड्या डोळ्यानं सुरू. आता बघा, डोळ्याचं रक्षण करणारी वस्तू कपाळाचं रक्षण करत बसली होती.

पुढं पाच-सहा महिने मी त्या वाफेशी भांडलो.

आधी कोणीतरी सांगितलं, तेल लाव. मी करडईचं तेल बोटानं काचेच्या आतून फिरवलं. वाफ धरली नाही, खरं आहे. पण चक्कीच्या हवेत पीठ तरंगत असतं. ते सगळं काचेवर येऊन बसलं, आणि दुपारपर्यंत चांगलं कणकेसारखं झालं. उस्ताद ओरडले, "अरे, मेरी आँखपे भाकर थापतंय क्या तू?" चक्कीवरच्या सगळ्या बायका हसल्या.

मग थुंकी लावून बघितली. थुंकी पानाची होती, त्यामुळं उस्तादांना सगळा दगड लाल दिसायला लागला आणि गेरू कुठला, पान कुठलं ते कळेना. मग साबण. कोरड्या साबणाची वडी काचेवर घासायची आणि मऊ फडक्यानं इतकी पुसायची की साबण दिसला नाही पाहिजे. हे मात्र लागू पडलं! सकाळपासून दुपारपर्यंत काच स्वच्छ. मी नीलव्वाला घरी जाऊन सांगितलं, "जिंकलो!" दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, उस्तादांच्या कपाळाचा घाम उतरला, काचेवरचा साबण धुऊन सरळ त्या एकुलत्या एक डोळ्यात. बाप रे! उस्तादांनी हातोडी फेकली, चष्मा फेकला आणि मला अशा शिव्या दिल्या की त्या या अंकात छापता येणार नाहीत. दोन दिवस डोळा लालभडक. त्या दोन दिवसांत मी घरी चष्मा पुसत बसलो.

"तुमी वाईच थांबा," नीलव्वा म्हणाली. ती चुलीपुढं बसली होती. "ह्या गार झाकणाला बघा कसा घाम आलाय. अन् तापल्या तव्याला कधी घाम आलेला बघितलाय का तुमी?"

"म्हणजे?"

"अय्यो! म्हंजी काच गार हाय म्हणून घाम येतोय की. गरम करा."

मला शाळेत कोणी हे शिकवलं नव्हतं, आणि नीलव्वा तर शाळेत गेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी मी चष्मा इंजिनच्या तापलेल्या पाण्याच्या पिंपाच्या झाकणावर ठेवला. ऊन झाला की उस्तादांच्या डोळ्यावर. अर्धा घंटा एक थेंब नाही! पण अर्ध्या घंट्यानं काच गार, की पुन्हा वाफ. चष्मा एकच, आणि उस्तादांसारखा माणूस अर्ध्या घंट्याला उठून पिंपाकडं जाणार नाही.

तेव्हा मी हातोडी बाजूला ठेवली आणि एक दिवसभर नुसता उस्तादांच्या तोंडाकडं बघत बसलो. मालक म्हणाला, "मलप्पा, तस्बीर काढायचीय का?" मी म्हणालो, गप बसा. आणि मला दिसलं. वाफ वरून येत नव्हती. ती दरवेळी खालून, नाकाच्या बाजूनं चढत होती. उस्तादांनी सोडलेला श्वास फडक्यात अडकायचा, फडकं डोळ्याखालपर्यंत ओढलेलं, मग श्वास वरच्या फटीतून सरळ चष्म्यात! आमच्या बापजाद्यांनी धुळीसाठी फडकं वर ओढायची रीत पाडली, तेव्हा चष्मा कुठं होता? चोर घरातच होता आणि मी गावभर शोधत होतो.

मग मी फडक्याच्या वरच्या कडेत तांब्याची बारीक तार शिवून घेतली, म्हणजे ती नाकावर दाबून बसवता येईल. फडकं वरून घट्ट, खालून सैल. श्वास गेला तर छातीवर जाईल. चष्म्याच्या कातड्याला दोन्ही बाजूंनी चांभाराकडून आरीनं भोकं पाडून घेतली आणि आतून पिठाच्या चाळणीची बारीक जाळी शिवली. हवा आत, कपची बाहेर. कपाळाला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळली, घाम डोळ्यात यायला नको. आणि काचेला साबण अगदी नावाला, सकाळी एकदाच, पुसून पुसून.

उस्तादांनी तो सगळा साज चढवला. आरशात बघून म्हणाले, "लेकरं घाबरतील रे!" आणि बसले. सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. टक टक थांबला नाही. मी मधून मधून विचारायचो, "उस्ताद, काच?"

"हौ, हौ. ठीक."

एवढंच. ठीक! पाच-सहा महिने मी डोक्याचं पाणी केलं, आणि उस्ताद म्हणाले ठीक. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण तीन वर्षं तो चष्मा त्यांच्या डोळ्यावर राहिला. काचेवर कपच्यांचे ओरखडे एवढे पडले की दोनदा सोलापुरातून काच बदलून आणावी लागली. त्यातला प्रत्येक ओरखडा डोळ्यावर बसला असता. मी ओरखडे मोजायचो आणि मनातल्या मनात फुगायचो. इतर टाकीवाले लांबून चष्मा बघायला येत. मी त्यांना फडकं कसं बांधायचं ते मास्तरसारखं शिकवायचो. माझा तोरा त्या वेळी बघायला पाहिजे होता.

तिसऱ्या वर्षी श्रावणात एके दिवशी टक टक थांबला.

"मलप्पा, धुंद हाय जरा."

पावसाळी हवा, मला नवल वाटलं नाही. काच काढली, पुसली, साबण लावला. "आता?"

"ठीक."

चार दिवसांनी पुन्हा. मी तार बदलली. पुन्हा आठ दिवसांनी. मी जाळी काढून नवीन लावली, भोकं वाढवली. कधी चार दिवस काही नसायचं, कधी एका सकाळीत दोनदा. मला त्या वाफेचा राग यायला लागला. लढाईतला साबण भेसळीचा म्हणून मी साबण बदलला. उस्ताद म्हणाले, डोकं दुखतंय. मी रबराचा पट्टा सैल केला. उस्ताद म्हणाले, दिव्याभोवती रंगीत कडी दिसते. साबण जास्त झाला की काचेतून अशी कडी दिसते, मला माहीत होतं. मी साबण कमी केला.

एकदा ते म्हणाले, "मलप्पा, घरी चिमणीच्या दिव्याला बी कडी दिसती रे."

घरी. घरी तर ते चष्मा लावत नव्हते! हे वाक्य मी या कानानं ऐकलंय. आणि मी काय म्हणालो? "साबण डोळ्यात राहिला असंल, उस्ताद. गार पाण्यानं डोळा धुवा." मला स्वतःच्या अकलेचा एवढा गर्व झाला होता, की धुकं दिसलं म्हणजे ते माझ्या काचेवरच असणार. दुसरीकडं कुठं असूच शकत नाही.

असे पाच-सहा महिने गेले.

आता भागूबाईबद्दल सांगतो. त्या आमच्या चक्कीवरचं सगळ्यात खाष्ट गिऱ्हाईक. टाकी लावल्यावरचं पहिलं पीठ कोणी घेत नाही, त्यात दगडाची कच असते. म्हणून मालक आधी कोंडा दळून घ्यायचा आणि तो फेकून द्यायचा. पण भागूबाईंचा मालकाच्या कोंड्यावर विश्वास नव्हता. त्या आपलं दळण झालं की तिथंच चिमूटभर पीठ दाताखाली धरायच्या आणि डोळे मिटून चावायच्या. सगळी चक्की त्यांच्या निकालाची वाट बघायची. संक्रांतीच्या तोंडावर बाजरी दळायला आल्या होत्या. पीठ चावलं आणि थुंकल्या.

"एका अंगाला भरड, एका अंगाला मऊ. मलप्पा, दगडाला टाकी कुणी लावली?"

"उस्तादांनी."

"लाडलेसाबनं? न्हाय व्हायचं!"

त्यांना पटेना. मालकानं चक्की बंद करून दगड उचलून दाखवला. मी वाकून बघितलं. एका बाजूचे टाके मोत्यांसारखे, आणि दुसऱ्या बाजूला मोठा पट्टा कोराच राहिलेला. तीस वर्षं टाकी मारलेल्या हाताकडून राहिलेला.

उस्ताद बाहेर बाकड्यावर चष्मा काढून बसले होते. पोऱ्यानं आणलेला चहा शेजारी ठेवलेला. भागूबाई तरातरा त्यांच्याकडं भांडायला निघाल्या आणि मध्येच थांबल्या. उस्तादांचा हात कपाकडं गेला होता, पण कपाच्या वितभर अलीकडंच लाकूड चाचपत होता. चाचपत चाचपत कपाला लागला.

भागूबाई भांडल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, "अरं मलप्पा, त्यानं तर चष्मा काढलाय. तरी बी त्याला दिसंना की रे."

माझ्या हातात काच पुसायचं फडकं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही सोलापूरला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी उस्तादांना अंधाऱ्या खोलीत नेलं, बोटांनी डोळा दाबून बघितला, दिवा लावून बघितला. बाहेर आले ते रागानंच.

"काचबिंदू आहे. डोळ्यातलं पाणी तुंबून दाब वाढतो, मागची शीर मरत जाते. मेलेली शीर परत येत नाही. धुकं कधीपासून दिसतंय म्हणालात?"

"श्रावणापासून," मी म्हणालो.

"कडी? डोकेदुखी?"

"तेव्हापासूनच."

"आता पौष चाललाय! इतके महिने काय करत होतात?"

मला खोटं सुचलं असतं तर मी बोललो असतो. पण सुचलं नाही.

"काच पुसत होतो, साहेब."

डॉक्टरांना काही समजलं नाही. ते कपाळावर हात मारून आत गेले. उस्ताद बाकावर भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसलो. त्यांनी माझं डोकं चाचपलं आणि म्हणाले, "नक्को रे. मी बी तर वोच बोलतो था ना, काच धुंद, काच धुंद." मला ते ऐकवेना.

डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. सांगितलं, गेलेलं येणार नाही, राहिलेलं टिकवतो. त्यांनी टिकवलं, हात जोडून सांगतो. महिनाभर मी सोलापुरात राहून उस्तादांना भरवलं, त्यांना धरून फिरवलं. नीलव्वा आमच्या दोन लेकरांबरोबर उस्तादांच्या मुलीच्या चुलीचंही बघत होती. पट्टी सुटली तेव्हा धुकं गेलं होतं, कडी गेली होती. पण दिसत होतं ते तेवढंच, नळीतून बघावं तसं. समोरचं थोडंसं, स्वच्छ. बाकी चारी बाजूंनी काळोख. टाकी मारणं संपलं. त्यांच्या वाटच्या चक्क्या मी घेतल्या, आणि त्या दोन्ही घरांची भाकरी पुढं माझ्या हातोडीवर चालली. त्याचं काही विशेष नाही. ते मला करावंच लागणार होतं.

उमरग्याला परतल्यावर आठ-दहा दिवसांनी उस्ताद मुलीच्या लेकराचा हात धरून चक्कीवर आले. मी दगडावर बसलो होतो, तोच चष्मा लावून. टक टक ऐकत थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "मलप्पा, काच दे इधर."

मी चष्मा आणि तार शिवलेलं फडकं काढून दिलं. मला वाटलं, फेकणार. त्यांनी फडकं बांधलं, चष्मा डोळ्याला लावला, पट्टा मागं ओढला, नाकावरची तार दाबून बसवली, अगदी मी शिकवली होती तशी. मान हळूहळू वळवली, कारण आता एका वेळी एवढंसंच दिसायचं. इंजिन बघितलं. पट्टा बघितला. खाली वाकून माझा अर्धा झालेला दगड, एकेक टाका बघितला. मुद्दाम जोरात श्वास सोडला, एकदा, दोनदा, तीनदा. आणि काचेवर वाफ येते का ते बघितलं.

"वा रे पठ्ठे," ते म्हणाले. "एकदम साफ. इत्ती साफ थी क्या रे?"

तीन वर्षं मला हीच शाबासकी त्यांच्या तोंडून हवी होती. "हो उस्ताद, एवढीच साफ होती," असं मला म्हणायचं होतं. मी दगडावरून उठलो आणि पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन लेकरासारखा रडलो.